अक्रोडाचा पापुद्रा

कपाटाच्या अक्रोडी दारातून पांढरं डोकावलं ते बॅप्टिस्टला डोळ्यांनी दिसलं, बोटांना काही कळलंच नव्हतं. पॉलिश पेपरचे चार हात जास्त फिरले होते आणि वरचा पापुद्रा जाऊन खालचा प्लाय उघडा पडला होता.

"मामा, काय केलं हे?" डेल्रॉय म्हणाला. मालाडचा हा कारखाना भाच्याचा, आणि म्हातारपणी मामा त्याच्याकडे सुतारकामाला.

भरीव अक्रोड असता तर काही बिघडलं नसतं. ते लाकूड मोठ्या मनाचं. हत्याराला आडवं जात नाही आणि कितीही घासा, आत तोच तपकिरी रंग. आता कागदाएवढी पातळ साल प्लायवर चिकटवतात आणि तिलाच अक्रोड म्हणतात. घासताना ती किती उरली, ते बोटांनी ओळखायचं. बॅप्टिस्टची बोटं तर पावसाळ्यापासून बधिर होती. साखरेमुळे, असं डॉक्टर म्हणाला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्याने हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. कळलं तर काम सुटेल, आणि कामाशिवाय आपण कोण?

कपाटाची चारही दारं एकाच लाकडाच्या सालीची, रेघेला रेघ जुळवलेली. एक बदलायचं तर चारही बदलावी लागणार.

"रंग लावून टाकू ना मामा, कोणाला कळतंय?"

"आज नाय कळणार. अक्रोड उजेडात फिका होत जातो, रंग तसाच राहतो. मग डाग वर येईल. पार्टीला फोन लाव, माझ्या हातून झालं म्हणून सांग."

डेल्रॉयने गिऱ्हाईकाला फोन लावला, दोन शब्द ऐकून घेतले. मग मामाच्या हातातला पॉलिश पेपर हळूच काढून घेतला. "उद्यापासून तुम्ही बसून नुसतं बघा." त्यापेक्षा त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं बॅप्टिस्टला वाटलं.

घरी बायकोने, जोसेफीनने, चहा उकळला. "आज लवकर आलास?"

"काम संपलं."

स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून ती फडकं घ्यायला वळली. परत बघते तर नवऱ्याने तो मुठीत धरलेला, आणि तो शांतपणे खिडकीबाहेर बघत होता.

"सोड तो. भाजत नाय तुला?"

त्याने ग्लास खाली ठेवला. तळवा लालबुंद झाला होता.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

तिने त्याला मोरीत नेलं आणि त्याचा हात आपल्या हातात धरून नळ सोडला. मग पाणी गार आहे का, हे त्याने तिला विचारलं.