नाकावरचा वळ

तोंडं रंगवणं हा माझा धंदा. एका लहानशा वाहिनीवर मी मेकअप करते. साथीच्या दिवसांत भल्याभल्यांचे धंदे बसले, पण बडबडीचा मात्र तेजीत आला. आमच्या संपादकांनी रोज संध्याकाळी एक चर्चा सुरू केली, तिला नाव दिलं 'तोंडावर बोला', आणि विषय ठेवला, मास्क घालावा की घालू नये. दुसऱ्या दिवशी तोच विषय उलटा करून घ्यायचा, घालू नये की घालावा. लोक आवडीने बघायचे. घरात कोंडलेल्या माणसांना दुसरं काम काय होतं?

'घालावा' म्हणणारे एक डॉक्टर होते. खरं काम करणाऱ्या डॉक्टरांना तेव्हा मान वर करायला फुरसत नव्हती, म्हणून संपादकांनी टकलावर केस लावणारा डॉक्टर शोधून आणला. त्यांचं काम बंद होतं आणि आवाज चांगला होता. 'घालू नये' म्हणणारे गृहस्थ वक्तृत्वाचे वर्ग चालवायचे. "माझा श्वास, माझा निर्णय!" असं दर पाच वाक्यांनंतर टेबलावर हात आपटून म्हणायचे, म्हणून लोक त्यांना श्वासभाऊ म्हणू लागले. पुढे पुढे तेही स्वतःला तेच म्हणू लागले.

आमची मेकअपची खोली म्हणजे आरसा लावलेलं कपाट. खिडकी नाही, आणि पावडर उडते म्हणून पंखाही बंद. खुर्चीत बसल्यावर पाहुण्याला मास्क काढावाच लागतो. कापडावर रंग लावून काय उपयोग? मी दोन मास्क बांधून वीतभर अंतरावर उभी. म्हणून मी सगळ्यांना हात जोडून एकच विनंती करायची, रंग लागेपर्यंत तेवढी तोंडाची वाफ दवडू नका.

डॉक्टरांनी ती विनंती कधीच मानली नाही. त्यांचा मास्क बारा महिने हनुवटीखाली. खुर्चीत बसले की भाषणाचा सराव सुरू. "तोंडातून उडणारे थेंब, ताई, डोळ्यांना दिसत नाहीत, पण..." असं म्हणत ते थेंब सगळे माझ्या कपाळावर उडवायचे.

"डॉक्टर, जरा गप्प बसता का?"

"अहो, मी तुमच्याच भल्याचं सांगतोय!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण पाषाण निदान गप्प तरी असतो.

श्वासभाऊंची तऱ्हा निराळी. ते मागच्या दाराने यायचे, काळ्या काचांच्या गाडीतून, तोंडावर घट्ट मास्क, त्यावर दुसरा मास्क. खुर्चीत बसल्यावर दोन्ही काढून पाकिटात ठेवायचे, हाताला औषध चोळायचे आणि डोळे मिटून मुक्यासारखे बसायचे. नाकाच्या दांडीवर आणि गालांवर तारेचा लालभडक वळ उठलेला असायचा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मास्क न काढणाऱ्या माणसाचा. तो वळ झाकणं हे माझं काम. नाकावर जाड थर, त्यावर पावडर, गालांवर स्पंजाने थापटून एकसारखं करायचं. मग तेच नाक वर करून ते कॅमेऱ्यासमोर गर्जायचे, "या तोंडाला आजवर कापड लागलेलं नाही!"

पहिल्या दिवशी मी हातात स्पंज धरून बघतच राहिले. ते हळूच म्हणाले, "आई आहे हो घरी. नव्वदीची. तिला काही झालं तर?"

तशी आई माझ्याही घरी होती, फक्त ती सासऱ्यांच्या रूपात होती. माझे सासरे दगड घासण्याच्या कारखान्यात उभा जन्म राबले आणि सगळी धूळ छातीत घेऊन घरी बसले. जिना चढले की भिंत धरायचे. त्यांना तपासणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना ही साथ लागली तर माझ्या हातात काही नाही. लागू देऊ नका." माझं लग्न झालं तेव्हा सगळे नातेवाईक नाकं मुरडत होते, सून परक्यांची तोंडं रंगवते म्हणून. तेव्हा या एकट्या माणसाने भर बैठकीत सांगितलं होतं, "निदान रंगवते. तुम्ही तर एकमेकांची तोंडं काळी करता." तर असा हा माणूस मला टिकवायचा होता.

आणि हा माणूस श्वासभाऊंचा भक्त झाला.

रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून खोकत खोकत टाळ्या वाजवायचे. मी आणून दिलेले मास्क त्यांनी चष्मा पुसायला घेतले. भाजी आणायला उघड्या तोंडाने जायचे आणि भाजीवालीने मास्क घाला म्हटलं की तिला तत्त्व शिकवून रिकामी पिशवी घेऊन परत यायचे.

"बाबा, तुम्हीच कारखान्यात मास्क मिळावेत म्हणून संप केला होता ना?"

"केला होता! तेव्हा मालक देत नव्हता म्हणून हवा होता. आता वरून घाला म्हणतायत म्हणून नको. तत्त्व एकच आहे, सूनबाई."

"अहो, ते श्वासभाऊ स्वतः दोन दोन मास्क घालतात. मी रोज बघते!"

"तू त्या डॉक्टरकडून काही घेतलंस का गं?"

नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तो म्हणाला, "बाबांना मी आजवर काही सांगितलंय का?" आणि कूस बदलली. सगळा पालथ्या घड्यावर पाणी असा प्रकार.

अशात श्वासभाऊंनी 'मोकळा श्वास मेळावा' जाहीर केला. बंद सभागृहात, हजार माणसं, उघडी तोंडं. सासऱ्यांनी त्याच दिवशी कपडे इस्त्रीला दिले.  तेव्हा मनात आलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? बाबांना माझा शब्द खोटा वाटतो, तर त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघावं.

दुसऱ्या दिवशी श्वासभाऊ खुर्चीत डोळे मिटून बसले. मी कपाळ केलं, हनुवटी केली, केस नीट बसवले. नाकाला हात लावला नाही. उलट आजूबाजूचा रंग जरा फिका ठेवला, म्हणजे वळ कसा उठून दिसेल. "झालं," मी म्हणाले आणि त्यांना आरशात बघायची सवड न देता उठवलं.

कॅमेरा जवळ गेला आणि सगळ्या शहराने तो वळ पाहिला. डॉक्टर तर आनंदाने खुर्चीतून उठलेच. "बघा! बघा यांचं नाक! हा मास्कचा वळ आहे! हे ढोंगी आहेत!"

 मी कॅमेऱ्यामागे श्वास रोखून उभी. श्वासभाऊंनी नाकावरून हळूच बोट फिरवलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, "हो. आहे. आज मला औषधाच्या दुकानात आईसाठी औषध घ्यायचं होतं. मास्क बांधल्याशिवाय आत सोडेनात. फक्त दहा मिनिटं बांधला, मित्रांनो. दहा मिनिटांत या मास्कने माझ्या चेहऱ्याची ही दशा केली! आता यांचा चेहरा बघा." आणि त्यांनी डॉक्टरांकडे बोट केलं. "मास्क घाला म्हणणाऱ्याच्या तोंडावर एक तरी वळ आहे का?"

कॅमेरा डॉक्टरांवर गेला. लोण्यासारखं गुळगुळीत तोंड. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी घरी पोचले तर सासरे डोळे पुसत होते. "काय सोसतोय गं तो माणूस आपल्यासाठी!"

त्यानंतर श्वासभाऊंना कोणी अडवूच शकलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "ताई, आज वळ जरा ठळक करा. लिपस्टिक चालेल का बघा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी ती गिळली आणि सौदा केला. म्हटलं, "करते. पण माझ्या सासऱ्यांना फोन करून सांगा, तुमची छाती नाजूक आहे, तेवढा तुम्ही मास्क घाला आणि मेळाव्याला येऊ नका. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

ते कचरले, पण नाक बिनवळाचं राहील या भीतीने कबूल झाले. गाडीत जाऊन फोन केला. मी घरी गेले तेव्हा बाबा रागाने लाल झालेले. "कोणी तोतया फोन करत होता! म्हणे मी श्वासभाऊ, मास्क घाला! आवाज असा दबलेला, जणू तोंडावर बोळा कोंबलाय. मी म्हटलं, मूर्खा, श्वासभाऊ कधी तोंड बांधून बोलतील का? आणि ठेवला फोन!"

मी स्वयंपाकघरात जाऊन खूप हसले आणि मग तिथेच ओट्याला टेकून रडले. आता मेळावा दोनच दिवसांवर आला होता आणि माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात बाबा मागून आले. जरा घुटमळले. मग लाजत म्हणाले, "सूनबाई, तुझ्याकडे रंग असेल ना? मला पण तो वळ काढून दे. मेळाव्याला सगळे काढून येणार आहेत. पाठिंबा म्हणून."

मी डोळे पुसले. एवढ्या दिवसांत देवाने मला पहिल्यांदाच काहीतरी सुचवलं.

"बाबा, रंगाचा वळ घामाने ओघळतो. चार लोकांत तोंडघशी पडाल. लोक म्हणतील, हा खोटा."

"मग?"

"खरा वळ हवा तर मास्क बांधावा लागतो. सकाळी बांधायचा तो झोपेपर्यंत. खाली सैल, पण नाकावर घट्ट. आणि काढला की तासाभरात वळ उतरतो हां. म्हणजे मेळाव्यातसुद्धा शेवटपर्यंत बांधूनच बसायचं आणि बाहेर मोकळ्यावर आल्यावर फोटोपुरता काढायचा."

बाबांनी विचार केला. "म्हणजे त्रास सोसायचा."

"त्याशिवाय वळ कसा उठणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मास्क बांधला. भाजीवालीकडे बांधून गेले, तेव्हा तिने दोन लिंबं वर दिली. घरातसुद्धा काढेनात, खायला बसायचे तेही मी सांगितलं म्हणून एकटे, गॅलरीत, आणि घास संपला की लगेच नाक दाबून बांधायचे. मेळाव्यात दोन तट पडले. लिपस्टिकवाल्यांचे वळ उकाड्याने मिशांपर्यंत उतरले, आणि खरे वळवाले त्यांना ढोंगी म्हणू लागले. त्या दिवसापासून खरा वळ ही इभ्रतीची गोष्ट झाली. मास्कविरोधी मंडळी सकाळ-संध्याकाळ मास्क बांधून हिंडू लागली. मास्कच्या बाजूचे आमचे डॉक्टर अजून हनुवटीवरच होते.

आणि मग डॉक्टर आजारी पडले. त्यांच्यामागोमाग मी. दोन मास्क होते, पण त्या कपाटात रोज इतकं ब्रह्मज्ञान अंगावर घेतल्यावर कापड तरी किती अडवणार? मला कळायच्या आत नवऱ्यालाही लागण झाली. आम्ही दोघं आतल्या खोलीत दार लावून पडलो. ताप, अंगदुखी यांचं मला काही वाटलं नाही. मला एकच दिसत होतं. इतके दिवस बाहेरच्या जगापासून राखलेल्या माणसाच्या घरात ही साथ मीच घेऊन आले होते. दाराबाहेर खोकला ऐकू आला की मी उशीत तोंड खुपसायची. तपासणीचा निकाल आला तेव्हा नवऱ्याने तो दोनदा वाचला. बाबांना काहीही झालेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ते दारापाशी आले. दार बंदच होतं. त्यांचा आवाज आला, दबलेला, कापडामागून.

"बघितलंस, सूनबाई? मास्कवाला डॉक्टर पडला. मास्कवाली तू पडलीस. माझा मुलगा, तोही तुझंच ऐकणारा. आणि मी? आमच्या वळवाल्यांपैकी एकालाही काही नाही! आता तरी पटलं ना, मास्क घातल्याने रोग होतो?"

नवरा उठून काहीतरी सांगायला निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो बापाला काही सांगणार होता. मी त्याचा हात घट्ट धरून त्याला खाली बसवलं.

"पटलं, बाबा," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. "तुमचंच खरं. फक्त वळ उतरू देऊ नका."

"मरेपर्यंत नाही," बाबा म्हणाले आणि गॅलरीत जेवायला गेले.