दाटपणाचा आकडा

प्रतीक्षाला चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं, आणि लागणार तरी कसं? कामशेतजवळच्या कारखान्यात सोपानभाऊंचा पाय भाजला होता आणि चूक तिची होती. हे एकट्या तिलाच ठाऊक होतं.

तिथं तापवलेल्या घट्ट रेझिनमध्ये ते पातळ करणारं थिनर मिसळून गोंद बनायचा. मिश्रण किती दाट होईल याचा अंदाज लॅबमधली प्रतीक्षा आधी काढून द्यायची. त्यावरून पिंप भरताना व्हॉल्व्ह किती उघडायचा ते ठरायचं: दाट असलं की पुरता, पातळ असलं की थोडासाच. पिंपं भरणारे कुरवंड्याचे सोपानभाऊ गेली वीस वर्षं मिश्रणात काठी बुडवून तिची धार बघायचे, मगच व्हॉल्व्हला हात लावायचे. गेल्या महिन्यात प्रतीक्षानंच त्यांना हसून सांगितलं, "भाऊ, ती काठी ठेवा आता बाजूला. माझा आकडा आहे ना!" भाऊंनी मुकाट्यानं ठेवली.

मग नवं मिश्रण आलं. रेझिनचा दाटपणा चार हजार, थिनरचा नुसता एक, दोन्ही निम्मं-निम्मं. बाईसाहेबांनी सरळ सरासरी मारली, दोन हजार! अगं, असं कुठं असतं? पातळ थोडं पडलं तरी दाटपणा पार ढासळतो. खरा आकडा साठाच्या आसपास होता. त्यासाठी दोन्ही आकड्यांचे लॉग घेऊन सरासरी काढावी लागते, हे ती कॉलेजात शिकली होती आणि घाईत विसरली. भाऊंनी तिच्या आकड्याचं शीट बघून व्हॉल्व्ह पुरता उघडला आणि गरम धार पिंपाबाहेर उसळून त्यांच्या पायावर आली.

चौकशीला मॅनेजर राजेंद्र साहेब बसले होते. "सोपानराव, दोन हजाराचं मिश्रण सावकाश येतं. ते उसळेपर्यंत तुम्ही काय करत होतात? अशानं कामावर ठेवता येणार नाही."

पायाला पट्टी बांधलेले भाऊ खाली मान घालून म्हणाले, "डुलकी लागली आसंल, साहेब. मला आठवत न्हाई तसं. पन आकडा काय खोटं बोलनार न्हाई."

प्रतीक्षा उठून उभी राहिली.

"आकडाच खोटा होता, सर. माझी चूक. भाऊंची काही चूक नाही."

साहेबांनी शीट ओढून घेतलं, तिच्याकडून पुन्हा हिशेब करवून घेतला आणि तिला लॅबमधून काढल्याचं तिथंच सांगितलं. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिला वाटलं, भाऊ आता सुटले, बरं वाटेल त्यांना.

बाहेर आल्यावर भाऊ थांबले.

"चार दिस घरात सांगतुय, माझं डोळं गेलं, ध्यान गेलं, आता घरी बसतो. माझाच माझ्यावर इस्वास राहिला न्हाई, पोरी. तवाच का न्हाई बोललीस?"

"भ्याले, भाऊ."

भाऊंनी मान हलवली, पण तिच्याकडं पाहिलं नाही.