मधलं नाव

"आमच्या खांबेटे घराण्याला शौर्याची तीनशे वर्षांची परंपरा आहे," त्र्यंबकराव आरशासमोर टाय बांधता बांधता म्हणाले.

"तुमचे आजोबा पोस्टात होते," स्वयंपाकघरातून वीणाताई म्हणाल्या. "आणि कुत्र्यांना घाबरायचे."

ही रंगीत तालीम होती. खरा प्रयोग तासाभरानं, हर्नडन गावातल्या हॉलमध्ये. समोरच्या घरातला वॉल्टर दर मेमोरियल डेला, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, तिथे लोकांना जमवायचा आणि घराघरांतल्या सैनिकांची नावं ज्यानं त्यानं उभं राहून घ्यायची. निवृत्तीनंतर वॉल्टरला पूर्वज शोधण्याचा नाद लागला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापासून प्रत्येक लढाईत त्याचा एकेक माणूस होता. यादवी युद्धात तर दोन सख्खे भाऊ, दोन्ही बाजूंना. त्यामुळे घराणं हरलं असं कुणाला म्हणता येत नसे.

खांबेट्यांचं नाव एकच होतं. निमिष, त्यांचा मुलगा, अमेरिकन सैन्यातला. जन्म इथला, व्हर्जिनियातला. मरण २००६च्या ऑक्टोबरात, इराकमध्ये, रस्त्यात पेरलेल्या स्फोटकानं.

सैनिकी दफनभूमीतल्या दगडावर त्याच्या नावाच्या मधोमध नुसता 'टी' कोरला होता. वॉल्टरच्या घरात मधलं नाव गेलेल्या पूर्वजाचं ठेवत.

"हा टी कोण?" त्यानं विचारलं होतं. "जुना सैनिक?"

टी म्हणजे मी, आणि मी अजून आहे, हे सांगायला त्र्यंबकरावांची जीभ रेटेना. "जुना आहे," ते एवढंच म्हणाले.

"मग त्याचंही नाव घे," वॉल्टर खूश होऊन म्हणाला.

झालं. त्र्यंबकरावांनी जळगावच्या चुलतभावाला, श्रीरंगला फोन लावला.

"श्रीरंग, आपल्यात कुणी लढलंय का रे?"

"भाऊबंदकीत की बाहेर?"

"बाहेर."

आठवड्यानं श्रीरंगचाच फोन आला. "दादा, सापडले. पणजोबांचे धाकटे भाऊ. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला होते. बसऱ्याला, पिठाच्या गोदामावर कारकून."

"बसरा म्हणजे इराकच की रे."

"हो ना. जुलाबानं पार हैराण झाले म्हणे. पण परत आले. परसात आंबा लावला, त्याचे आंबे खाल्ले, नव्वदीला गेले."

त्र्यंबकरावांनी फोन ठेवला. "परत आले," ते वीणाताईंना म्हणाले.

आज ते चुलत पणजोबा तीनशे वर्षांच्या परंपरेसकट कोटाच्या खिशात होते, चिठ्ठीवर.

वीणाताई हात पुसत बाहेर आल्या. "त्यांचं नाव नका घेऊ. ते आंबे खाऊन गेले. एकच नाव घ्या. पण पूर्ण घ्या, वडलांच्या नावासकट."

"माझं नाव त्यानं घ्यायचं होतं गं. मी गेल्यावर, श्राद्धाला. भटजींनी विचारलं असतं, वडलांचं नाव? आणि हा म्हणाला असता, ट्रिंबॅक."

"म्हणाला असता." वीणाताईंनी टायची गाठ सारखी केली. "चला, ड्राइव्ह मी करते."

हॉलमध्ये सव्वासहा फुटी वॉल्टरनं आधी आपली नावं घेतली. मग त्यानं 'खांबेटे' पुकारलं, त्याला जमेल तसं.

त्र्यंबकराव मंचावर चढले. खिशातली चिठ्ठी त्यांनी बाहेर काढली नाही.

"टी सापडला?" वॉल्टरनं हळूच विचारलं.

"सापडला. इथेच आहे."

वॉल्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे कुणी आहे का तेही पाहिलं. कुणी नव्हतं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. त्यानं हातातली टोपी छातीशी धरली.

पहिल्या रांगेत वीणाताई पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. त्र्यंबकरावांनी श्वास घेतला, टाचा उंचावल्या, आणि पुन्हा खाली टेकवल्या.

"वॉल्टर," ते म्हणाले, "हा माइक जरा खाली कर ना."