मातीचं विरजण

"माणसांचं जेवण राहिलं बाजूला, या घरात आधी शेण शिजतं," सासूबाई पुटपुटल्या. कुणाला उद्देशून नाही, भांड्यांच्या फळीला सांगितल्यासारखं. सून त्यांच्यापासून हातभर अंतरावर शेगडीपुढे उभी होती, आणि हे फळीसाठी नाही हे दोघींनाही माहीत होतं.

शेगडीवरच्या मोठ्या पातेल्यात तपकिरी पाणी रटरटत होतं. शेण, मळी, थोडं डाळीचं पीठ आणि जुन्या झाडाखालची मूठभर माती पाण्यात कालवून पिंपात आंबवलेलं ते विरजण. दुधाला लावतात तसं हे मातीला लावायचं, म्हणजे माती जिवंत होते, असं सासरे कित्येक वर्षं सांगत आले होते आणि आसपासचे शेतकरी डबे भरभरून नेत आले होते. सासऱ्यांचं खरं नाव आता कुणाच्या तोंडात उरलं नव्हतं. सगळे त्यांना पिंपवाले म्हणत.

"चांगलं जिवंत विरजण. त्याला उकळून मारायचं आणि मग मातीत ओतायचं. काय बिघडवलंय त्या वाफ्यांनी तुझं?"

"आई, तीच तर परीक्षा आहे. अर्ध्या वाफ्यांना जिवंत, अर्ध्यांना उकळलेलं. शेण आणि मळी दोन्हींत सारखीच. मग जो फरक पडेल तो फक्त जिवाणूंचा."

"आणि नाही पडला तर?"

"पातेलं उतरवते," सून म्हणाली. "तुम्हाला शेगडी हवी असेल."

लग्नाआधी ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत होती. त्यावरून सासरे तिला कौतुकाने आणि थोडं चिडवत तपासणीस म्हणत. "तपासणीस, आज चहात साखर किती टक्के?" असं. त्यांचे पाय अधू झाले तेव्हा तिच्या नवऱ्याने कारखान्यातली नोकरी सोडली आणि दोघं पिंपं सांभाळायला घरी आली. शेतकऱ्यांच्या सोसायटीने तेव्हाच बोलणं काढलं होतं की येत्या हंगामात सगळ्या सभासदांनी बाकीचं सगळं बंद करून याच विरजणावर जायचं. फक्त एकदा रीतसर करून दाखवा, आणि ते घरातल्या शिकलेल्या बाईने करावं. तिने आनंदाने परीक्षा मांडली. विरजण जिंकणार याबद्दल तिला तरी कुठे शंका होती?

पालकाचे वाफे पाडले. जिवंत विरजणाच्या डब्याला लाल चिंधी, उकळलेल्याच्या डब्याला पांढरी. कुठल्या चिंधीत काय, हे फक्त तिलाच ठाऊक असायचं, म्हणजे ओतणाऱ्याचा हात नकळत इकडेतिकडे व्हायला नको. प्रयोगशाळेत हे चाललं असतं. इथे उकळलेल्या विरजणाचा वास फाटकापर्यंत येत होता. घरात ज्याला ज्याला नाक होतं त्याला गुपित पहिल्याच दिवशी कळलं, आणि तरी सगळे तिचं मन राखायला "लाल म्हणजे काय गं?" असं विचारत राहिले.

पालक कापला. शेडमध्ये तराजू लावून नवरा-बायको वजन करत बसली. लाल ढीग, पांढरा ढीग. पुन्हा लाल, पुन्हा पांढरा. काटा दर वेळी तिथेच.

"तराजू अडकतोय का बघ," नवरा म्हणाला.

तिने बघितलं. तराजू अडकत नव्हता.

"असं होऊ शकतं," ती हळूच म्हणाली. "आपली माती आधीच भरलेली आहे. आई इतकी वर्षं पालापाचोळा पसरतायत, त्यात जिवाणूंची काय कमी? भरल्या घरात ओंजळभर पाहुणे आले काय, न आले काय."

"हे बाबांना तू सांगणार?"

तिने ढीग टोपल्यात भरायला घेतले.

जेवताना सासऱ्यांनी विचारलं, "काय तपासणीस, निकाल काय?" तिने भाताचा घास उगीच लांबवला. नवऱ्याने पाणी मागितलं, जरी त्याचा पेला भरलेला होता. मग सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "फरक नसेलच पडला. मी देत होते ना त्यांनाही."

"कुणाला?"

"त्या पांढऱ्यांना. सकाळी ढवळून झालं की तांब्या-तांब्या घालत होते. एकाला ताजं आणि शेजारच्याला मेलेलं, हे मला नाही बघवत. या घरात कधी असं वाढलंय का कुणाला?"

मग सासरे हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. "हिला वाफ्यांतसुद्धा समान हक्क पाहिजेत," ते डोळे पुसत म्हणाले. नवराही हसला. सुनेला रागवायला हवं होतं, कारण एवढी मेहनत पाण्यात गेली होती, पण तिच्या छातीवरचा धोंडा असा काही उतरला की तीही हसली. परीक्षा नासली होती. म्हणजे निकाल लागलाच नव्हता. त्या दिवशी सगळ्यांनी दोन घास जास्त खाल्ले, आणि ज्यांनी शिव्या खायच्या त्या सासूबाई मधोमध बसून मानाच्या पाहुण्यासारख्या वाढून घेत होत्या.

दुसऱ्यांदा वाफे पाडले तेव्हा भोवती जाळी लावली, दाराला कुलूप. सासूबाईंना आत मज्जाव. त्या जाळीबाहेर उभ्या राहत आणि पांढऱ्या वाफ्यांकडे बघत, मग शेडमध्ये जाऊन विरजण ढवळत. ते काम त्यांचंच होतं. पिंपवाल्यांचा दंडक होता की विरजण एकाच हाताने ढवळलेलं बरं, रोज सकाळ-संध्याकाळ, एकाच दिशेने. बोलणं पिंपवाल्यांचं आणि हात सासूबाईंचा. त्या हाताचा खांदा आता वर होत नसे. उंच फळीवरचा डबा त्या दुसऱ्या हाताने काढत, आणि विचारलं तर म्हणत, "वापरून झिजला, चोरीला नाही गेला."

सून रोज वाफे बघत होती. पानं फुटली, रुंद झाली. लाल आणि पांढरा, दोन्ही सारखे. ती बोटांनी पानं मापायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मापायची, ताप उतरलाय का हे बघायला मुलाच्या कपाळाला सारखा हात लावावा तशी. नवरा जाळीपाशी यायचा, बघायचा, आणि हवेबद्दल काहीतरी बोलून जायचा.

आणि मग, सोसायटीचे चेअरमन निकाल बघायला यायच्या आठवड्यात, लाल वाफे एकाएकी अंगात आल्यासारखे गर्द झाले. काळपट हिरवे, लुसलुशीत. शेजारचे पांढरे त्यांच्यापुढे आजारी दिसायला लागले.

तिला आधी आनंदच झाला. खाली बसून तिने लाल वाफ्यातला पाचोळा बाजूला केला. मातीवर साबुदाण्यासारखा एक पांढरा दाणा होता, अर्धवट विरघळलेला. तिने तो ओल्या बोटावर घेतला. दाणा विरला आणि बोटाचं टोक गार पडलं. युरिया. प्रयोगशाळेत पहिल्याच महिन्यात शिकवलेली ओळख.

नवरा शेडमध्ये तिच्याकडे पाठ करून डबे धूत होता.

"वाफ्यात काहीतरी सापडलं," ती म्हणाली.

"काय?"

"बोटाला गार लागलं."

त्याने डबा विसळला, पालथा घातला, दुसरा घेतला. धुतलेलाच होता तो.

"उद्या चेअरमन येतायत," तो म्हणाला.

"ते माहितीये."

"बाबांना खुर्चीसकट आणायचंय वाफ्यापर्यंत. कधीपासून म्हणतायत, डोळ्यांनी बघायचंय."

"अरे, पण सगळी सोसायटी यावर जाईल. त्यांच्या मातीत पाचोळा नाही, काही नाही. त्यांनी खत बंद केलं आणि नुसतं हे ओतलं तर काय उगवणार आहे?"

"उगवेल थोडं कमी. एखादा हंगाम." मग तो वळला, आणि त्याचा चेहरा बघून तिला भांडायचंही सुचेना. "मी परत कारखान्यात जाऊन काय सांगू? की आमच्या पिंपात..." तो थांबला. वाक्य तिथेच सोडून त्याने नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी चेअरमन आले. जाड, मोकळे गृहस्थ. सासऱ्यांची खुर्ची त्यांनी आणि नवऱ्याने मिळून उचलली, "पिंपवाले, वजन भरपूर आहे हो, विरजणच पिता काय?" अशी थट्टा करत. सासूबाईंना आज जाळीच्या आत यायची परवानगी होती. त्यांनी त्यासाठी चांगली साडी नेसली होती.

"वा," चेअरमन वाकून म्हणाले. "हे तर डोळ्यांनाच दिसतंय, तराजू कशाला? ताई, तुम्ही केलंय सगळं. तुमच्या तोंडून ऐकू द्या, म्हणजे आजच सभासदांना कळवतो."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. तो जाळीची गाठ सोडवत होता, जी सोडवायची काहीच गरज नव्हती.

"दिसतोय तो फरक..." तिने सुरुवात केली.

"एक पान दे," सासरे म्हणाले.

तिने दिलं. त्यांनी ते चुरगळलं, हुंगलं, बराच वेळ वाफ्याकडे बघत राहिले. जन्मभर त्यांनी गोणीतल्या खताची सावली या जमिनीवर पडू दिली नव्हती. त्यामुळेच बहुधा ते त्यांनी लांबूनही ओळखलं असतं.

"हा रंग पिंपातला नाही," ते म्हणाले. "गोणीतला आहे."

"म्हणजे?" चेअरमननी विचारलं.

सासूबाईंनी लेकाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही.

"बरं," शेवटी त्याच म्हणाल्या, सुनेला. "टाकलं असेल कुणी, टाकलं. ते वजा कर. तराजूवर भांडं वजा करतेस ना, तसं. गोणीचं वजा करून माझ्या विरजणाचं किती उरतं, तेवढं सांग."

"जाऊ दे आता, आत चल," सासरे म्हणाले.

"तुम्ही थांबा. मी हिला विचारतेय."

"आई, पुन्हा एकदा करू ना परीक्षा," नवरा घाईघाईने म्हणाला. "या वेळी सगळं नीट लावू..."

"हो की," चेअरमन म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं होतं. "करा आणखी एकदा. घाई कुणाला आहे?"

तिघेही पुरुष तिच्याकडे बघत होते, दार उघडं धरून उभं राहावं तसे. तिने फक्त मान हलवायची होती. पुन्हा वाफे, पुन्हा पातेलं, लाल आणि पांढऱ्या चिंध्या. आणि उद्या सकाळी उठून सासूबाई तो खांदा घेऊन पुन्हा पिंपापाशी.

"काही उरत नाही, आई," ती म्हणाली. "गोणीचं पडायच्या आधी मी रोज बघत होते. जिवंत आणि उकळलेलं, सगळे वाफे सारखेच होते. त्या विरजणानं काही होत नाही."