पहिलं कोनफळ

ये, बस. त्या दोरावर नको, खोबऱ्याच्या पोत्यावर बस, मऊ असतं. जहाज काही इतक्यात सुटत नाही. कप्तानाची बायको बाजारातून आल्याशिवाय ते आजवर कधी सुटलेलं नाही. तोवर तुला एक गोष्ट सांगतो. शिकलेल्या माणसाची आहे, आणि मी शाळेचं छप्पर घातलं तेवढंच माझं शिक्षण. तेव्हा कायद्याचं काही चुकलं तर सांभाळून घे. माणसांचं चुकणार नाही. नावं मात्र बदललीत, आणि बेट कुठलं ते विचारायचं नाही.

लेमासू नावाची एक पोरगी. बाप न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला आणि तिकडचाच झाला, म्हणून आईनं तिला मामाच्या दारात वाढवली. मामा म्हणजे कालतापाऊ. पंजे वल्ह्याएवढे, आणि बोलणं सणासुदीलाच. पोरगी मात्र तोंडाची अशी तिखट, की गावानं म्हटलं हिला वकील करा, दुसऱ्या कशाला उपयोगी नाही. झाली वकील. तेवढ्यावर भागलं नाही. राजधानीत, विलाला जाऊन त्याच्याही वरची पदवी घ्यायला बसली. देशादेशांमधला कायदा. समुद्र कुठवर कुणाचा, असलं.

गावातल्या बायका विचारायच्या, "पाण्यावर कुंपण कसं घालतात गं?"

"मावशी, तेच तर शिकतेय."

त्या पदवीला एक जाडजूड प्रबंध लिहावा लागतो. तिनं विषय घेतला चोचीचा. चोच म्हणजे लांब दक्षिणेला पाण्यातून वर आलेला एक खडक. वर पक्ष्यांची घाण, खाली मासाच मासा. आपलं सरकार म्हणतं आमची, एक बडा देश म्हणतो आमची. दोघांनी तिथं झेंडे लावले, दोघांचेही वाऱ्यानं नेले.

तिच्या मास्तरीणबाई फिजीच्या, वासिती मॅडम. हसल्या की टेबलावरचे कप हलायचे. पण कामात दगड.

"झेंडा काय, दुकानात मिळतो," मॅडम म्हणाल्या. "तुझी माणसं तिकडे जात होती ना, गोऱ्यांच्याही आधी? ते दाखव."

"आमच्या घरात त्याची गोष्ट आहे, मॅडम."

"तुमच्या घरची गोष्ट तुमच्याच फायद्याची, बाळ. दुसऱ्या घराचा साक्षीदार आण. तिऱ्हाइताच्या डोळ्यानं पाहिलेलं असेल तर कोर्टात ते सोनं."

आता, आपल्याकडं घरची गोष्ट म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. जमिनीचा तोच कागद. म्हणून कुणी ती पुरी सांगत नाही, एक टोक हातात धरूनच सांगतं. लेमासूच्या आईलासुद्धा पुरी ठाऊक नव्हती. पण लेमासू गावी आली, आणि तिला ती लिहायची आहे म्हटल्यावर मामा मळ्यात तण उपटता उपटता बोलायला लागला, आणि थांबेचना. कुठल्या ताऱ्यावर नाव सोडायची, कुठं पाणी थंड लागतं, चोचीवरून पांढरी पिसं कशी भरून आणायची. लेमासू खुरपं टाकून ऐकतच राहिली.

"एकदा नाव तिकडे असताना इकडे आपल्या जुन्या बेटावरचा डोंगर फुटला," मामा म्हणाला. "राखेखाली सगळं गेलं. परत यायला घरच नाही. मग जिकडे चुलींचा धूर दिसला तिकडे नाव वळवली."

"आणि लागली कुठं?"

मामानं हातातली काठी मातीत रोवली. "इथं. डोंगरावरची माणसं खाली धावत आली. पिसांनी भरलेली नाव बघून त्यांना वाटलं, ढगच किनाऱ्याला लागला. त्यांच्या घरच्या म्हातारीला अजून ठाऊक आहे. त्यांनी पाणी दिलं, विस्तव दिला आणि म्हणाले, बसा इथं किनाऱ्यावर."

लेमासू उडालीच. "मामा! हाच तो साक्षीदार! दुसऱ्या घरानं पिसं पाहिली!" तिनं मामाच्या गालाचा मुकाच घेतला, मातीसकट. आणि मग तिच्यातली वकीलबाई जागी झाली, नि तिचं हसू जागच्या जागी वाळलं.

"बसा म्हणाले? घ्या नाही म्हणाले?"

"बसा म्हणाले."

"म्हणजे हा किनारा आपला नाही. आपण पाहुणे."

मामानं तिच्या पाठीमागं बघितलं. तिकडं आईची चूल, फणसाचं झाड, आणि झाडाखाली आज्या-पणज्यांच्या कबरी. "पाहुणे होतो," तो म्हणाला. "तू शिकलीस म्हणून टोक तुझ्या हातात दिलं. आता ओढ नाहीतर सोड."

एरवीचा काळ असता तर एवढं बिघडलं नसतं. पण तेव्हाच डोंगरावरच्या घरातला तोआरा परदेशी हॉटेलवाल्याला घेऊन किनारे दाखवत फिरत होता. हुशार गडी, वाईट नाही, पण सख्ख्या चुलत्यालाही जमिनीच्या कोर्टात ओढणारा. त्याच्या हाती असला छापील पुरावा पडला तर?

लेमासू भेटीची चटई खांद्यावर टाकून डोंगर चढली. वर तोआराची आजी, लेतोका, दारात पानं विणत बसली होती.

"तुमच्या घरचं माणूस आणि हातात कोनफळ नाही?" म्हातारी म्हणाली. "रस्ता चुकलीस का?"

लेमासूला आठवलं. मामा दरवर्षी मळ्यातलं पहिलं कोनफळ स्वतःच्या खांद्यावरून इथं आणायचा. गुडघे कुरकुरायचे, तरी दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. तिला वाटायचं, शेजारधर्म.

"आज्जी, ते कोनफळ कशाचं?"

"तुला ठाऊक नसतं तर अशी अवेळी धावत आली असतीस का?" म्हातारीनं विणणं बाजूला ठेवलं. "पिसं ना? माझ्या सासूनं सांगितलंय मला. लागेल तर साक्ष देईन. या वयात खोटं बोलून देवाला काय तोंड दाखवू? पण पोरी, एक ऐक. ही गोष्ट तोंडात आहे तोवर मला ती विसरता येते. तुझा मामा कोनफळ आणतो, मी विसरते. असं चाललंय. तू कागदावर मांडलीस की ते माझ्या हातात राहत नाही. तोआराला वाचता येतं."

"मग मी काय करू?"

"ते मला विचारतेस? एवढं शिकायला गेलीस ती कशाला?" आणि तिच्या हातात भाजलेलं रताळं दिलं.

बांबूचा मासे धरायचा पिंजरा बघितलायस? आत जायला तोंड चांगलं रुंद. बाहेर यायला निघालं की सगळी टोकं अंगाकडे. लेमासूचं तसं झालं. लिहावं तर चोच देशाची ठरायला मदत, पदवी पक्की, आणि आईची चूल उठली. न लिहावं तर प्रबंधाचा कणाच मोडला. विलाला परत येऊन तिनं मॅडमना विचारलं, "नाव-गाव गाळून लिहिलं तर?"

"बिननावाचा साक्षीदार म्हणजे वारा."

"पिसांपर्यंत लिहिते. नाव कुठं लागली ते सोडते."

"मग कुणी पाहिली? कुठून? समोरचा वकील पहिला हाच प्रश्न विचारेल." मॅडमनी चष्मा काढला. "लेमासू, तुझ्याकडे आहे. तोंडावर दिसतंय. का देत नाहीस?"

लेमासू कागद गोळा करून निघाली, वाद अर्धा टाकून. आयुष्यात पहिल्यांदा, म्हणतात.

तिनं तो भाग गाळूनच प्रबंध दिला. परीक्षकांनी परत पाठवला. दुरुस्त करा, मधला धागा तुटलाय. मुदत वाढवून घेतली. पुन्हा वाढवून घेतली. पोटापाण्याला नव्या पोरांना पहिल्या वर्षाचा कायदा शिकवायला लागली. तिच्यामागून आलेली पोरं काळे झगे घालून फोटो काढून गेली.

त्यातच मामा गेला. मातीला गाव लोटलं, डुकरं कापली, पानांत गुंडाळून भाजायच्या लापलापच्या भट्ट्या लागल्या. लेतोका आज्जीला खाली उचलून आणलं होतं. लेमासू तिच्या पाया पडली तर म्हातारी म्हणाली, "तू कुणाची गं?" कुणाची आई, कुणाची पोर, काही आठवेना. विसरते म्हणाली होती, ती खरंच विसरली. आता ती गोष्ट पुरी ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं, आणि ते म्हणजे लेमासू. मला कशी कळली, तेही विचारायचं नाही.

पुढच्या कोनफळांच्या वेळी ती विलाहून आली. पहिलं कोनफळ खणलं, खांद्यावर घेतलं आणि डोंगर चढली. दारात तोआरा.

"या वकीलबाई! झगा कधी घालताय? का तिकडं कापड संपलं?"

"तुझ्या लग्नात घालीन. म्हणजे घाई नाही."

तोआरा हसला. कोनफळ हातात घेऊन तोलून बघितलं. "मामा आणायचा, आता तू. हे आहे तरी काय? किनाऱ्याचं भाडं का काय?"

थट्टाच होती ती. आत म्हातारी चुलीपाशी काहीतरी गुणगुणत होती. खरं उत्तर लेमासूच्या ओठांपर्यंत आलं.

"मामाची सवय," ती म्हणाली.

"मग मामा गेला, सवयही जाऊ दे की! एवढा चढ कशाला चढतेस? पुढच्या वर्षी नको आणूस. कोण विचारणारंय?"

बघ आता. दार उघडलं त्यानंच. कोनफळ थांबलं की देणं थांबलं, आणि देणं थांबलं की एका पिढीत किनारा तिच्या घरचा. मग लिहायचं ते लिही, न लिही, कायद्यानं कुणी बोट दाखवू शकणार नाही. ती वकील, हे तिच्याइतकं त्या डोंगरावर कुणाला कळत होतं?

"आणणार," ती म्हणाली. "गुडघे आहेत तोवर."

"वेडी आहेस," तोआरा म्हणाला, आणि तिला नारळ फोडून दिला.

तो प्रबंध अजून तसाच आहे. चोचीवर अजून झेंडे लागतात नि उडतात. बोलता येत नाही, थांबता येत नाही. दरसाल ती येते, खणते, चढते.

ती बघ कप्तानाची बायको, आली एकदाची. ऊठ. आणि एक माझं काम कर. वाटेत एका बेटावर जहाज थांबेल तेव्हा पाय मोकळे करायला उतरशील. चढावर एखादी बाई खांद्यावर भलंमोठं कोनफळ घेऊन घामेजलेली दिसली, तर ओझं घ्यायला पुढं होऊ नकोस. कुणासाठी, म्हणून विचारू नकोस. बाजूला हो आणि तिला वाट दे.