पहिल्यांदा फक्त शंभर ग्रॅम

चेन्नईत वेस्ट मांबलममधल्या कृष्णाजींच्या कॉफीच्या दुकानात नव्या गिऱ्हाइकाला शंभर ग्रॅमच्या वर पूड मिळत नसे. माणूस मोटारीतून उतरलेला असो नाहीतर पायी आलेला. "घरी कितीजण? फिल्टर आहे का? दूध कुठलं? आधी हे पिऊन बघा, मग या." कुणी अर्ध्या किलोचा हट्ट धरला, की म्हातारा खुशाल पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा!

त्यांची लेक श्रीरंजनी हे बघून कपाळाला हात लावायची. अंबत्तूरची चांगली नोकरी सोडून ती दुकान वाचवायला आली होती. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून परदेशातल्या आपल्या मुलांकडे राहायला गेलेली. अप्पांनी तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर दुकान सावरलं नाही, तर कॉफी भाजायचं-दळायचं यंत्र विजयकुमार नावाच्या व्यापाऱ्याला विकून मोकळं व्हायचं. त्या यंत्राच्या घरघरीत ती लहानाची मोठी झाली होती.

जुन्या ऑफिसातला पुण्याचा अनिकेत मदतीला आला. त्यानं तिला कॅमेऱ्यापुढे मराठीत बोलायला लावलं. "तंजावरच्या मराठी घरातली फिल्टर कॉफी! अर्ध्या किलोवर पाव किलो फुकट!" तिची तमिळ हेलाची मराठी महाराष्ट्रात काय आवडली म्हणता! चार दिवसांत दोनशे ऑर्डरी. श्रीरंजनीचे पाय जमिनीवर ठरेनात. अप्पा मात्र पाकिटं बांधताना पुटपुटले, "कोण पितं ठाऊक नाही, आणि पाऊण किलो!"

दीड महिना गेला. दोनशेंतले परत आले तीन. अनिकेत म्हणाला, सूट वाढवू.

"त्यांना विचारलंस का गे?" अप्पांनी विचारलं.

"काय?"

"कॉफी कशी झाली म्हणून."

तिला आधी राग आला आणि मग लाज वाटली, कारण खरंच विचारलं नव्हतं. तिनं ऑर्डरींच्या यादीतल्या साताऱ्याच्या कल्पनाताईंना स्पीकरवर फोन लावला.

"राग मानू नका हं, पण कडू जहर!" कल्पनाताई म्हणाल्या. "चहासारखी चांगली दहा मिनिटं उकळली, तरी खाली सगळा गाळ."

श्रीरंजनीनं यादीकडे पाहिलं. 'फिल्टर आहे का?' हा मांबलममध्ये दारातच विचारला जाणारा प्रश्न तिनं दोनशे घरांपैकी एकालाही विचारला नव्हता.

अप्पांनी फोन घेतला. "अम्मा, उकळू नका. स्वच्छ फडकं आहे? त्यात पूड घाला, वरून कढत पाणी हळूहळू ओता. सरी, झालं. आता थांबा, मी फोनवर आहे." आणि खरंच पंधरा मिनिटं ते फोन धरून बसले. ताईंच्या म्हशीची चौकशी झाली, यजमानांच्या मधुमेहाची झाली. मग पलीकडून घोट घेतल्याचा आवाज आला.

"अगंबाई! हीच का ती पूड?"

त्याच दुपारी श्रीरंजनीनं सूट काढून टाकली. नव्या माणसाला फक्त शंभर ग्रॅम, ऑर्डरीआधी अप्पांचे तीन प्रश्न आणि चौथ्या दिवशी फोन.

"अगं, असं कोण विकतं?" अनिकेतनं डोकं धरलं.

"अप्पा. चाळीस वर्षं."

ऑर्डरी कमी झाल्या. पण आलेला माणूस परत येऊ लागला, येताना बहिणीचा पत्ताही देऊ लागला. एवढ्यानं दुकान सावरलं असं अप्पा धरतील का, हे विचारायचा मात्र तिला धीर झाला नाही.

दिवाळीच्या आठवड्यात विजयकुमार यंत्र बघायला आला. अप्पांनी त्याला स्टुलावर बसवलं.

"घरी कितीजण कॉफी पितात?" अप्पांनी विचारलं.

"चौघं," तो गोंधळून म्हणाला.

"फिल्टर?"

"आहे की."

अप्पांनी बटण दाबलं. यंत्र घरघरलं. त्यांनी ताजी पूड तोलली, पुडी बांधली आणि त्याच्या हातात दिली.

"पहिल्यांदाच आलात, म्हणून शंभर ग्रॅम," ते म्हणाले. "संपली की या. यंत्र इथंच असेल."

श्रीरंजनीला रडू आवरेना. अप्पांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "फोन वाजतोय गे," ते म्हणाले, "साताऱ्याचा असेल."