आपा काय म्हणाल्या

आपा गेल्याचा फोन आला तेव्हा बदरुन्निसा दुधी किसत होती. फोन ठेवून तिनं उरलेला दुधीही किसून टाकला, कारण बाहेरच्या खोलीत हमदुल्ला बसला होता आणि त्याच्या हृदयात स्टेंट बसून जेमतेम सहा दिवस झाले होते.

फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर ड्युटीत असतानाच त्याच्या छातीत दुखलं. दुबईत अल मनखूलच्या घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं होतं, तीन आठवडे कसलाही धक्का नको. आणि आपा म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा बाणकोटच्या घरात तिनंच त्याला भरवून, बदडून मोठा केलेला. मुलगा तहा स्वयंपाकघराचं दार लोटून घेत म्हणाला, "अम्मी, फॉलोअपपर्यंत नो न्यूज. अब्बांच्या फोनमधला फॅमिली ग्रुप मी डिलीट करतो. खलास." तरुण माणसांना सगळं असं खलास करता येतं.

संध्याकाळी हमदुल्लानं विचारलंच, "आपाचा फोन नाही आला?"

आपांना ऐकू कमी यायचं. त्यांच्याशी बोलायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे, आणि ओरडायला आता त्याला मनाई होती. म्हणून इस्पितळात असल्यापासून फोन बदरुन्निसा बाहेर जिन्यात जाऊन घ्यायची आणि निरोप त्याला सांगायची. तिनं त्याही संध्याकाळी सांगितला.

"आलेला. म्हणाल्या, हमदूला सांग, नवऱ्या मुलासारखा गादीवर बसून राहू नकोस. चार पावलं चाल."

तो हसला. आजारपणात पहिल्यांदाच. तहानं प्रेशर मोजलं, सकाळी एकशे बावन्न होतं ते एकशे तीसवर आलेलं. "वॉव, अब्बा!" तहा म्हणाला. बदरुन्निसानं ओट्याजवळ जाऊन पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

खोट्याला पाय नसतात म्हणतात. ह्या खोट्याला पायच काय, तोंडही फुटलं, आणि तेही आपांचं. रोज एक निरोप. आपा म्हणाल्या, मीठ कमी खा. आपा म्हणाल्या, सिगरेटची आठवण आली तर माझी चप्पल आठव. तीस वर्षं त्या जिभेचा मार खाल्लेली भावजय ती, काय बोलतील हे तिला शोधावं लागत नव्हतं. निरोप ऐकला की हमदुल्लाचा चेहरा खुलायचा, दुपारची झोप नीट लागायची. औषधाला गुण यावा तसा त्याला आपांचा गुण येत होता.

तिचं मात्र उलटं चाललं होतं. निरोप सांगून आत आली की काळीज धडधडायचं. घशाशी आंबट यायचं. मान अवघडली, मग डावा खांदा असा आखडला की वेणी घालताना हात वर जाईना. तिला एका जागी बसवत नव्हतं. बाल्कनीत जायची, कपडे वाळले नसतानाच काढायची, पुन्हा वाळत घालायची. फ्रीज उघडून उभी राहायची आणि काय घ्यायला आलो तेच विसरायची. "अम्मी, यू नीड रेस्ट," तहा म्हणाला आणि पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट आणून दिलं.

रडली ती नव्हतीच. एकोणीस वर्षांची नवरी म्हणून बाणकोटला गेली, तेव्हा तिला पापलेट साफ करण्यापासून सासऱ्यांचा राग ओळखण्यापर्यंत सगळं आपांनी शिकवलं. दोन्ही बाळंतपणांत हात धरून बसल्या त्याही आपाच. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रडणार कुठं? एकदा बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिली. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "बदरू, आत्ताची गोळी कुठली?" तिनं नळ बंद केला.

असे पंधरा दिवस गेले आणि फॉलोअपची तारीख आली.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिले. "अंकल, एकदम बढिया. अब फ्लाइट भी ले सकते हैं."

हमदुल्लानं लगेच मुलाकडे पाहिलं. "तहा, तिकीट बुक कर. शुक्रवारचंच. आपा रोज जीव खातेय, तिला एकदा तोंड दाखवून येतो."

बदरुन्निसाच्या कानात शिट्टी वाजायला लागली. खुर्ची धरायला हात गेला, पण खांद्यानं साथ दिली नाही. "आंटी? आंटी, बैठिए." नर्सनं पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. एकशे नव्वद. पुन्हा घेतलं, तेवढंच.

"घर में कोई टेन्शन?" डॉक्टरबाईंनी विचारलं. तहा बुटाकडे बघत राहिला. गोळी दिली, तासभर झोपवून ठेवलं, आकडा थोडा खाली आला. निघताना डॉक्टरबाईंनी हमदुल्लाला बजावलं, "अब इनको स्ट्रेस मत दीजिए."

लिफ्टपाशी हमदुल्ला मुलाच्या कानाशी लागला. बहिऱ्या बहिणीच्या हाताखाली वाढलेल्या माणसाचं कुजबुजणंही चार जणांना ऐकू जातं. "अम्मीला आता कसली वाईट बातमी सांगायची नाही. काही असलं तर आधी मला सांग. आपण लपवू."

"आपा गेल्या," बदरुन्निसा म्हणाली.

"कुठं गेली?"

"वारल्या. पंधरा दिवस झाले."

"अम्मी!" तहानं बापाचा दंड धरला. लिफ्ट आली, उघडली, मिटली. उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. हमदुल्लाचा हात छातीवर गेला, तिथून भिंतीवर आला. तो उभाच राहिला.

"मी रोज तिच्या तब्येतीसाठी दुआ मागत होतो," तो म्हणाला. "तब्येतीसाठी! मातीला गेलो नाही ते नाही, गेलेल्याला माफी मिळावी म्हणून मागायची ती मगफिरतीची दुआसुद्धा तुम्ही मला मागू दिली नाहीत." आवाज चढला. तहा मध्ये पडायला गेला, त्यानं त्याला बाजूला सारलं. "मग रोज माझ्याशी बोलत कोण होतं?"

"मी."

तो बाकावर बसला. तिच्याकडे बघत राहिला. तिची एकीकडे झुकलेली मान, खाली लोंबलेला डावा हात, हे सगळं घरातच असून त्याला आजच दिसत होतं. मग त्यानं विचारलं, "आत्ता काय म्हणाली असती ती?"

बदरुन्निसानं तोंड उघडलं. पंधरा दिवस शब्द आपसूक येत होते. आता एकही येईना. आलं ते रडू आलं, मोठ्यानं, सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असं. नर्स धावत आली, "आंटी, रिलॅक्स, रोना नहीं, बीपी बढ़ेगा—"

हमदुल्लानं हात आडवा धरला.

"रोने दो, सिस्टर," तो म्हणाला. "उसकी भी आपा थी."